वाफेची ऊब आणि तिचे कारागीर

बाहेर वैशाखाचे ऊन रणरणते आहे, डोक्यावर पंखे फिरत आहेत आणि निम्म्या मंडळींनी हातातल्या कार्यक्रमपत्रिकेचाच विंझणा केला आहे. अशा सभेपुढे घर गरम कसे ठेवावे हा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे श्रोत्यांची थट्टाच नव्हे काय, असे आमच्या चिटणिसांना वाटले होते, आणि त्यांनी ते आडपडदा न ठेवता बोलूनही दाखविले. पण आज येथे बसलेल्यांपैकी पुष्कळांचे मुलगे, लेकी, भाचे, पुतणे न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या भागांत संसार थाटून आहेत. त्यांच्याकडे एखादा हिवाळा काढून आलेल्यांना आम्ही एवढेच विचारतो, की मध्यरात्री भिंतीच्या आत कोणी हातोडा मारीत असल्यासारखा आवाज आपण ऐकला होता काय? ऐकला असेल तर आजचा विषय परका नाही.

आम्ही तो आवाज ऐकला पुतण्याच्या घरी. न्यूयॉर्कपासून आगगाडीने तासाभरावरचे गाव, १९२० च्या सुमारास बांधलेले दुमजली लाकडी घर, खाली तळघर. जानेवारीचा महिना होता. पहाटे तीनच्या सुमारास घण पडावेत तसे दणके सुरू झाले. चोर शिरला, या समजुतीने आम्ही अंधारात काठी चाचपू लागलो. पलीकडच्या खोलीतून पुतण्या झोपेतच म्हणाला, "काका, झोपा. हीटिंग सुरू झालंय." आमच्या खोलीत उकाडा एवढा, की बाहेर बर्फ पडत असताना खिडकी चार बोटे उघडी ठेवून निजावे लागे. आणि त्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत नातू अंगात दोन स्वेटर घालून अभ्यासाला बसलेला. इंधनाचे बिल पाहून सूनबाई दर महिन्याला कपाळाला हात लावीत. या साऱ्यावर घरातल्या सर्वांचे ठरलेले उत्तर एकच होते: "जुनं घर आहे, असंच असायचं."

हे उत्तर खोटे आहे. ते घर बांधले गेले तेव्हा त्यात आवाज नव्हता आणि सगळ्या खोल्या सारख्या गरम होत होत्या. यंत्रणा म्हातारी झाली म्हणून बिघडली नव्हती. ती समजणारी माणसे संपली, आणि न समजणाऱ्यांनी तिच्यावर सत्तर वर्षे उपचार केले, म्हणून ती बिघडली होती.

आता ही यंत्रणा आहे तरी कशी, ते पाहू. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब तापत असे त्यांना ती समजायला वेळ लागणार नाही. बंबात मधोमध विस्तवाचा नळा, भोवती पाणी. तळघरातला बॉयलर हा तसाच, पण झाकण बंद केलेला बंब समजावा. त्यातले पाणी पुरते भरलेले नसते. वरचा भाग वाफेसाठी मोकळा सोडलेला असतो. पाणी उकळले की वाफ जाड लोखंडी नळांतून वर चढते आणि प्रत्येक खोलीत खिडकीखाली ठेवलेल्या बिडाच्या पोकळ रेडिएटरमध्ये शिरते. बीड थंड असते. त्याला स्पर्श होताच वाफेचे पुन्हा पाणी होते, आणि पाणी होताना ती आपल्या पोटातली उष्णता बिडाला देऊन टाकते.

ही पोटातली उष्णता म्हणजेच शाळेत आपण जिला अप्रकट उष्णता म्हणत होतो ती. एक किलो पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला ७० किलोकॅलरी पुरतात. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० लागतात, आणि वाफेचे पाणी होताना त्या सगळ्या परत मिळतात. शिवाय एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेच्या दाबाखाली सुमारे १,७०० लिटर वाफ होते. म्हणजे एवढीशी वस्तू, केवढी फुगते, केवढे ओझे वाहते, आणि तिला वर चढविण्यासाठी पंप लागत नाही, पंखा लागत नाही. ती आपल्या पायांनी जाते आणि पाणी होऊन आपल्याच वजनाने उतरते.

पण नळ रिकामा कधीच नसतो, त्यात हवा भरलेली असते. वाफ यायची तर आधी हवेने बाहेर पडले पाहिजे. म्हणून रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला अंगठ्याएवढी एक झडप बसविलेली असते. ती थंड असताना उघडी असते आणि हवा सूं सूं करीत तिच्यातून निघून जाते. वाफ तिथवर पोहोचली की आतला भाग तापून फुगतो आणि झडप आपोआप मिटते. सर्वांत साध्या पद्धतीत प्रत्येक रेडिएटरला एकच नळ असतो. त्याच नळातून वाफ वर येते आणि त्याच नळातून पाणी खाली परतते. दोघांनी एकमेकांची वाट अडवू नये यासाठी दोनच गोष्टी पाळाव्या लागतात. नळ पुरेसा रुंद हवा, आणि रेडिएटरला व आडव्या नळांना पाणी परत जाईल असा किंचित उतार हवा. एखाद्या खेड्यातल्या अरुंद रस्त्यावर वरून गाडी आणि खालून गाडी अशी वेळ आली की कोणीतरी कडेला व्हावे लागते, तसाच हा प्रकार. दोन नळांची अधिक सुधारलेली पद्धतही आहे, पण आज तिच्यात शिरत नाही.

येथे कोणाच्या मनात भीती आली असेल, की घराच्या पोटात वाफ कोंडून ठेवायची म्हणजे स्फोटाचेच आमंत्रण! ही भीती अनाठायी नाही. १८६५ साली मिसिसिपी नदीवर सुल्ताना नावाच्या आगबोटीचे बॉयलर फुटले आणि हजाराहून अधिक माणसे गेली. पुढच्याच वर्षी हार्टफर्ड या शहरात बॉयलरची तपासणी करून मगच विमा उतरविणारी कंपनी निघाली. १९०५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावी जोड्यांच्या कारखान्यातला बॉयलर छप्पर फोडून उडाला. त्यात ५८ माणसे दगावली. या अपघातानंतर त्या राज्याने बॉयलरविषयी नियम केले आणि पुढे अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने १९१४ साली आपली पहिली बॉयलर-संहिता तयार केली. घरगुती वाफेची विद्या या भीतीच्या छायेत वाढली, आणि म्हणूनच ती सौम्य झाली. घरातल्या बॉयलरचा दाब चौरस इंचाला दोन पौंडांच्या आत ठेवायचा असा शिरस्ता पडला. मोटारीच्या चाकातल्या हवेचा दाब तीस पौंडांच्या घरात असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन पौंड किती किरकोळ, ते कळेल. जुन्या कारागिरांना ठाऊक होते की वाफेला ढकलावे लागत नाही, तिची वाट मोकळी करून द्यावी लागते.

मग बिघडले कोठे?

बिघाडाची सुरुवात इंधन बदलले तेव्हा झाली. आरंभी या बॉयलरांत कोळसा जळत असे. कोळशाचा विस्तव रात्रंदिवस धुमसत असे, वाफ संथपणे सतत येत राही, आणि हवा सावकाश निघाली तरी बिघडत नसे. पुढे कोळसा जाऊन तेलाचे व मग गॅसचे बर्नर आले. ते खोलीतल्या थर्मोस्टॅटच्या इशाऱ्यावर पेटतात आणि विझतात. आता वाफ तुकड्यातुकड्यांनी येऊ लागली. जवळचे रेडिएटर आधी तापले, थर्मोस्टॅटला वाटले की घर तापले, बर्नर विझला, आणि टोकाच्या खोलीतला नातू थंडच राहिला! येथे मुख्य नळाच्या शेवटी हवा झपाट्याने सोडणाऱ्या मोठ्या झडपा हव्या होत्या. पण कोणाला ते सुचले नाही. कित्येक घरांतून तर ज्या होत्या त्याही गळू लागल्या म्हणून काढून तेथे बूच मारण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर नव्या घरांत गरम हवेच्या आणि गरम पाण्याच्या पद्धती आल्या. तरुण कारागीर त्याच शिकले. वाफ जाणणारे एकेक करून निवृत्त झाले, वारले. त्यांची विद्या त्यांच्या डोक्यात आणि मनगटात होती, ती त्यांच्याबरोबर गेली. घरे मात्र राहिली. न्यूयॉर्कच्या आसपास या विद्येचा पुन्हा शोध घेणारे एक गृहस्थ आहेत, डॅन हॉलोहान त्यांचे नाव. हीटिंगच्या सामानाच्या धंद्यात काम करीत असताना त्यांनी जुनी, छापायची बंद झालेली पुस्तके आणि कंपन्यांची पत्रके धुंडाळली, तळघरे पालथी घातली आणि १९९२ साली 'वाफेने घर तापविण्याची हरवलेली कला' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक काढले. त्या जुन्या कारागिरांना ते आदराने 'मेलेली माणसे' म्हणतात. हे ऐकून आम्हांला प्रथम विचित्र वाटले. पण तळघरात उभे राहून शंभर वर्षांपूर्वी बसविलेला नळ पाहताना, हा उतार याने असाच का दिला असेल, असे आपण त्या गेलेल्या माणसालाच विचारीत असतो, हे खरे.

असो. आमच्या पुतण्याकडे पूर्वी जे कारागीर येऊन गेले होते त्यांचे प्रताप आता सांगतो. नावे घेण्याचे कारण नाही. टोकाची खोली गरम होत नाही अशी तक्रार केली तेव्हा एकाने दाब वाढवून ठेवला. सामान्य बुद्धीला हा उपाय पटतो. नळाला पाणी येत नसेल तर दाब वाढवावा, तसाच. पण दोन पौंडांवरून पाच पौंडांवर गेले तरी वाफेचे तापमान सुमारे पाच अंशांनीच वाढते, उलट वाफ दाबली जाऊन तिची चाल मंदावते, रेडिएटरच्या झडपा एकदा मिटल्या की उघडायचे नाव घेत नाहीत आणि इंधन मात्र जास्त जळते. दुसऱ्याने बॉयलर बदलताना घराच्या आकारमानावरून अंदाज बांधून भला मोठा बॉयलर आणून बसविला. तिसरा घर सजविणारा होता. त्याला रेडिएटर वाकडे दिसले, म्हणून त्याने ते पाणसळ लावून अगदी सरळ केले! वाकडेपणातच त्यांचा धर्म होता, हे त्या बापड्याला कोण सांगणार? त्यानेच त्यांना चकचकीत रुपेरी रंगही दिला. धातूची भुकटी असलेला रंग उष्णता बाहेर फेकण्यात कंजूष असतो. अशा रंगाने रेडिएटरची उष्णता देण्याची शक्ती सुमारे पाचव्या हिश्श्यापर्यंत कमी होते. आणि त्या आधी कधीतरी तळघरातल्या नळांवरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टन काढले गेले होते. ते काढले ते योग्यच झाले, कारण अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात जाऊन जीव घेते. पण त्याच्या जागी दुसरे वेष्टन कोणी घातले नाही. तेव्हा निम्मी वाफ तळघरातच थंड होऊन पाणी होई, उंदरांना ऊब मिळे आणि माणसांना पाणी. प्रत्येकाने सद्‌हेतूने काम केले होते आणि प्रत्येकाने पैसे घेतले होते.

अखेर ओळखीच्या ओळखीतून एक सत्तरीकडे झुकलेला फिटर आला. त्याने आल्याबरोबर पाना हातात घेतला नाही. बर्नर थंड होऊ दिला, मग पुन्हा पेटविला आणि तळघरात एका उपड्या बादलीवर बसून राहिला. नळाला हात लावी, दोन पावले सरके, पुन्हा हात लावी. वाफ कोठवर आली हे तो तळहाताने मोजीत होता. सूनबाईंना वाटले, हा माणूस तासावर पैसे घेतो म्हणून वेळ काढतो आहे. आमचा नातू मात्र त्याच्या मागोमाग हिंडत होता. त्याला शाळेला बर्फाची सुट्टी होती.

दणका सुरू होताच म्हातारा उठला आणि बरोबर एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाला, "इथे." नळ टांगलेली एक कडी निसटली होती, त्यामुळे आडवा नळ मध्येच झुकला होता आणि त्या झोळीत पाणी साचत होते. वरून वेगाने येणारी वाफ त्या पाण्याची लाट उचलते आणि पुढच्या वळणावर नेऊन आपटते. तोच आमचा मध्यरात्रीचा चोर. कडी पुन्हा बसविली, नळ उचलला, पाणसळीने उतार तपासला. अर्ध्या तासाचे काम. इतक्या वर्षांचा दणका त्या दिवसापासून बंद झाला.

मग तो घरभर फिरला. प्रत्येक रेडिएटरचे कप्पे मोजले, उंची घेतली, आणि खिशातल्या चुरगळलेल्या तक्त्यावरून बेरीज केली. नातवाने विचारले, हे कशासाठी? त्यावर म्हाताऱ्याने जे सांगितले ते आम्हांला फार मोलाचे वाटले. वाफेच्या बॉयलरला घराशी कर्तव्य नसते, रेडिएटरांशी असते. जेवढे बीड वाफ पिणार तेवढीच वाफ बॉयलरने केली पाहिजे. तिकडे रेडिएटरच्या पृष्ठभागाचा हिशेब चौरस फुटांत करतात आणि दर चौरस फुटाला तासाला २४० ब्रिटिश उष्मांक धरतात, म्हणजे जवळजवळ ७० वॉट. आमच्या घराची बेरीज केली तेव्हा बॉयलर गरजेच्या पावणेदोनपट निघाला. तो दहा मिनिटे जळे, दाब वाढून विझे, पुन्हा पेटे. पंगतीला बारा पाने असताना वीस पानांचा स्वयंपाक करीत राहावे, तसे चालले होते.

रेडिएटरच मुळात इतके मोठे का, हा प्रश्न मात्र उरतो. हॉलोहान यांचे म्हणणे असे, की १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या आगेमागे अमेरिकेत शुद्ध हवेचा मोठा आग्रह होता, खिडक्या उघड्या ठेवून झोपावे असे वैद्य सांगत, आणि म्हणून ऐन कडाक्याच्या थंडीत खिडक्या उघड्या असतानाही घर गरम राहील अशा बेताने रेडिएटर बसविले गेले. आज खिडक्या बंद असतात, दुहेरी काचांच्या असतात. रेडिएटर मात्र साथीच्या काळातलेच आहेत. आम्ही खिडकी उघडून झोपत होतो ते नकळत जुन्या वैद्यांचा सल्ला पाळीत होतो म्हणायचे!

दोन दिवसांनी तो सामान घेऊन परत आला. सरळ केलेले रेडिएटर त्याने पुन्हा वाकडे केले. झडपेच्या बाजूच्या पायांखाली पाचरी सारल्या. एका जुन्या रेडिएटरखाली पूर्वी कोणीतरी तांब्याची नाणी सारून ठेवलेली सापडली, ती त्याने तशीच राहू दिली आणि आणखी दोन घातली. मुख्य नळांच्या टोकांची बुचे काढून तेथे हवेच्या मोठ्या झडपा बसविल्या. खोल्यांतल्या छोट्या झडपांपैकी काही बदलल्या, काही व्हिनिगरमध्ये उकळून साफ केल्या. त्या दिवशी स्वयंपाकघरात लोणच्याच्या कारखान्यासारखा वास सुटला होता. दाब उतरविला. दाब मोजणाऱ्या यंत्राच्या खालची वळणदार नळी चिखलाने गच्च भरली होती, म्हणजे ते यंत्र किती वर्षे आंधळे होते कोण जाणे. ती खरवडून मोकळी केली. नळांना काचतंतूंचे नवे वेष्टन बापलेकांनी मिळून घातले. रुपेरी रंग खरवडण्याची गरजच नव्हती, कारण सगळ्यांत वरचा थर कसला आहे एवढेच रेडिएटर पाहतो. त्यावर साधा रंग चढविला की झाले.

बॉयलर मात्र पुढच्या उन्हाळ्यात बदलावा लागला, आणि तेव्हाचे काम पाहायला आम्ही तेथे नव्हतो. नातवाने फोनवर वर्णन केले. वाफेचा बॉयलर कारखान्यातून पुरा तयार होऊन येतच नाही, असे त्याला म्हाताऱ्याने सांगितले. जुने बॉयलर ऐसपैस होते, त्यांत वाफेला पाण्यापासून वेगळे व्हायला पोटातच जागा होती. नवे बॉयलर आटोपशीर. त्यांत ते काम भोवतालच्या नळांना करावे लागते. नळ किती उंच न्यावा, कोठे आडवा करावा, कोठून खाली पाण्याची वाट काढावी, यावर कोरडी वाफ मिळणार की पाणी ओकणारी, हे ठरते. म्हणजे निम्मा बॉयलर कारखान्यात होतो आणि उरलेला निम्मा फिटर तळघरात बांधतो. पुष्कळ जण सोपे पडते म्हणून तेथे तांब्याचे नळ डाख लावून जोडतात. वाफेच्या तापण्यानिवण्याने ते सांधे सैल होतात. म्हाताऱ्याने लोखंडी नळ कापून, आटे पाडून जोडले. परतीच्या पाण्याचा नळ बॉयलरला खाली तळाशी सरळ न जोडता पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली वळसा देऊन जोडला. याला हार्टफर्डचा वळसा म्हणतात, त्याच विमा कंपनीच्या गावावरून. परतीचा नळ जमिनीत कुजून फुटला तरी बॉयलरमधले सारे पाणी निघून जाऊ नये आणि कोरडा बॉयलर जळू नये, एवढ्यासाठी ही युक्ती. शेवटी नव्या बॉयलरमधले तेल निघून जावे म्हणून तो पाच तास तळघरात बसून पाण्यावरचा तवंग धारेधारेने काढीत होता. दुधावरची साय काढावी तसे! हे जो करीत नाही त्याच्या बॉयलरमध्ये फेस होतो आणि दणके पुन्हा सुरू होतात.

श्रोतेहो, इथवरचे ऐकून कोणी म्हणेल की ही सारी जुनी अडगळ उपटून टाकून नवी यंत्रणा बसवावी, एवढी उठाठेव कशाला? हा आक्षेप पोकळ नाही. वाफेची पद्धत सर्वांत काटकसरीची आहे असे आम्ही म्हणत नाही. घरात गॅस जाळण्यापेक्षा विजेच्या उष्णता-पंपाने ऊब आणणे अधिक शहाणपणाचे आहे हे आता बहुतेक जाणते मान्य करतात. न्यूयॉर्क शहराने २०१९ साली मोठ्या इमारतींच्या धुरावर मर्यादा घालणारा कायदा केला आणि २०२४ पासून तो लागू झाला आहे. वाफेचे दिवस मोजलेले असतील. पण तोवर काय? त्याच शहराच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबरपासून ३१ मेपर्यंत, बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली थंडी गेली की दिवसा भाडेकऱ्याची खोली किमान ६८ अंश, म्हणजे आपल्या हिशेबाने २० अंश, गरम ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. ज्या इमारतीत वाफ आहे तेथे हा नियम कागदावरून खोलीत आणणारा माणूस म्हणजे फिटर. तो नसेल तर वरच्या मजल्यावर खिडक्या उघड्या आणि तळमजल्यावर म्हातारी माणसे गॅसची शेगडी पेटवून बसलेली, असेच चित्र राहणार; आणि त्या शेगडीपायी बंद खोलीत विषारी वायू साचून माणसे दगावतात. भिंती फोडून नवे नळ घालण्याचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही. एक कडी, चार पाचरी आणि सहा झडपा यांचा खर्च झेपतो.

आता नातवाविषयी. त्या वसंतात त्याने घरी जाहीर केले, की आपल्याला कॉलेजात जायचे नाही, वाफेच्या नळांचे काम शिकायचे आहे. तिकडे या कामाची उमेदवारी पाच वर्षांची असते. दिवसा कामावर मजुरी घेऊन राबायचे आणि संध्याकाळी वर्गात गणित, आराखडे, वेल्डिंग, सुरक्षिततेचे नियम शिकायचे. नळफिटरांची संघटना १८८९ पासूनची आहे आणि तिच्यात प्रवेश मिळणे सोपे नाही, हे आम्हांला नंतर कळले. घरात मात्र जणू सुतक आले. पुतण्या स्वतः इंजिनियर, तो म्हणाला, "काका, तुम्हीच समजवा त्याला. आम्ही इतक्या लांब आलो ते पोरानं नळ जोडावेत म्हणून?"

आम्ही समजवायला बसलो आणि आमचीच पंचाईत झाली. कारण पुतण्याच्या घरात तीन पदवीधर असताना आठ वर्षे दणके चालू होते, आणि ते बंद केले होते एका पदवी नसलेल्या माणसाने. त्याने काय केले होते? पाहिले, ऐकले, अनुमान काढले, ते तपासले, आणि मग हात लावला. शास्त्रज्ञ याहून वेगळे काय करतो? पण हातात पाना असला की आपल्याला डोके दिसत नाही. आपल्या समाजात तर या दृष्टिदोषाला जातीचे बळ मिळाले. घडविणाऱ्यांना आपण गावाच्या कडेला बसविले आणि त्यांच्या घडविण्याला विद्या म्हणायचे नाकारले. बंब हवा होता, तांबट शेजारी नको होता. समुद्र ओलांडताना आम्ही पुष्कळ गोष्टी मागे टाकल्या, ही मात्र सामानात गेली.

तरीही पुतण्याच्या काळजीत तथ्य नव्हते असे नाही, आणि ते आम्ही नातवाला सांगितले. हे काम गुडघे खाते. तळघरे ओली, अंधारी असतात, जुन्या वेष्टनांत काय असेल सांगता येत नाही, वाफेने भाजते. कामे थंडीत एकदम येतात आणि उन्हाळ्यात ओसरतात. शिवाय वाफ गेल्यावर काय करशील, असेही विचारले. तो म्हणाला, "आजोबा, उष्णता-पंपालाही नळ लागतातच ना?" त्याच्या आईने दोन वर्षांचा अवधी मागितला: आधी कॉलेज पाहा, सुट्टीत म्हाताऱ्याबरोबर काम करून पाहा, मग ठरव. त्याने ते मानले. त्याचे पहिले वर्ष आता संपले आहे आणि तडजोड टिकली आहे.

ज्यांना येत्या हिवाळ्यात तिकडे जायचे आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. एका नळाच्या रेडिएटरचे तोटीचे चाक पूर्ण उघडे ठेवावे किंवा पूर्ण बंद. अर्धवट ठेवले तर वाफ आत शिरते, पाणी बाहेर येत नाही आणि झडपेतून चुळा टाकू लागते. रेडिएटर वाकडा दिसला तर सरळ करू नये. त्याच्यावर कपडे वाळत घालताना झडप झाकू नये. बॉयलर, गॅस आणि जुने पांढरे वेष्टन यांना मात्र जाणत्याखेरीज कोणी हात लावू नये, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र आहे ना, हे पहिल्याच दिवशी विचारावे.

आमच्या पुतण्याच्या घरी आता दर रविवारी सकाळी नातू तळघरात जातो. पाणी कमी झाले तर बर्नर बंद करणारे जे यंत्र बॉयलरला असते, त्यातला गाळ बादलीभर पाणी सोडून काढावा लागतो. पहिले पाणी गढूळ तांबडे येते, ते स्वच्छ होईपर्यंत थांबायचे. बर्नर चालू असतानाच हे करायचे, म्हणजे पाणी उतरताच तो विझतो की नाही याचीही परीक्षा होते. न्हाणीघरातला वरचा रेडिएटर अजून निम्माच तापतो. म्हाताऱ्याने त्याची झडप दोनदा बदलून पाहिली. आता त्याला संशय आहे तो भिंतीतल्या नळावर, आणि भिंत फोडण्यापूर्वी आणखी एक हिवाळा ऐकून पाहू, असे तो म्हणतो.